दहीभात आणि दोन तास

आमच्या ह्यांचं पोट कधी साफ होत नसे. कित्येक वर्षं हा घरातला विनोद होता. पेपर घेऊन आत गेले की मी बाहेरून ओरडायची, "अहो, जाहिरातीही वाचून काढा!" हात थरथरायला लागला तो फार नंतर. डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला तो पोटाचा. हा कंपवात काहींच्या बाबतीत आतड्यातच सुरू होऊन मग मेंदूपर्यंत पोचत असावा, म्हणाले. आतड्यातल्या जिवाणूंचाही त्यात हात असेल, पण खात्रीनं अजून कुणी सांगू शकत नाही. मला माझं हसणं आठवलं आणि लाज वाटली.

इथे तमिळ मुलखात, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी आता आमच्याच घरात उरलीय. मुलगी चेन्नईला. मी फोनवर मराठीत विचारते, ती तमिळमध्ये उत्तर देते. म्हणजे मराठीत बोलायला मला हेच. आणि आजारानं नेमका ह्यांचा आवाज नेला. गोळी लागू पडली की दोनेक तास शब्द फुटतात. त्या दोन तासांची मी वाट बघत असते.

जिवाणूंचं ऐकून मी हुरळले. चांगले जिवाणू म्हणजे दही, एवढं मलाही कळतं! दुपारच्या गोळीबरोबर वाडगाभर दहीभात सुरू केला, सोबत मिठात मुरलेल्या बाळकैऱ्या. आठ दिवस हे खुर्चीत नुसते थिजून बसले. डॉक्टर वैतागले. दह्यातली प्रथिनं गोळीची वाट अडवतात, म्हणाले. गोळी रिकाम्या पोटी, दही रात्री. करायला गेले गणपती, झाला मारुती. आठ दिवसांचं बोलणं मी माझ्या हातानं बुडवलं होतं.

तेव्हापासून दुपारी दही बंद. पण आमच्याकडे दहीभाताशिवाय जेवण संपलं असं कुणी म्हणत नाही. काल जेवणाच्या आधी दुपारची गोळी दिली, तेव्हा सकाळच्या गोळीचा जोर थोडा शिल्लक होता. रसमभात संपवून हे ताटावरून उठेनात.

"दही घाल," हळूच म्हणाले.

"अहो, मग बोलता नाही यायचं. रात्री घालते."

त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"तू बोल. मी आयकतों."

मला रडू आलं, आणि रागही. मी दही कालवलं. मग दोन तास त्यांच्यासमोर बसून एकटीच मराठीत बोलत राहिले.