रोमानेंकोच्या बापाचं नाव

ताजुद्दीन सारंग मला पहिल्यांदा दिसले तेव्हा इतके थरथरत होते, की सौदीतल्या रास अल खैरला भूकंप झाला असं समजून मी टेबलाखाली शिरलो. राजापूरचे हे गृहस्थ आमच्या कंपनीत परदेशी लोकांच्या इकाम्याचे, म्हणजे राहण्याच्या परवान्याचे, अर्ज भरत.

"साहेब, मी मेलो! तो युक्रेनचा नवा इंजिनियर म्हणाला, माझं आडनाव रोमानेंको म्हणजे रोमानचा मुलगा. आपण नावापुढे बापाचंच नाव लावतो ना? मी वडिलांचं नाव रोमान लिहून अर्ज पाठवला. आता म्हणतो, रोमान कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज, त्याचंच नाव घराण्याला चिकटलं. वडील वासिल!"

"मग चूक कळवा."

"खोटी माहिती दिली म्हणून मलाच परत पाठवतील. माझ्या मुलीचं, दुआचं, दहावीचं वर्ष आहे हो!"

पुढचे तीन दिवस ऑफिसच्या दारात गाडी थांबली की ताजुद्दीनभाई कपाटामागे जात. चहासुद्धा तिथेच मागवत. घरी रुकय्याभाभींना त्यांनी बॅगा भरायला सांगितल्या.

चौथ्या दिवशी फोटो अस्पष्ट असल्यामुळे अर्ज परत आला. त्यांनी फोटो बदलला, वासिल लिहिलं आणि आठवड्याभरात इकामा मिळाला.