बसची वेळ

दहशतवादाने पंजाब धगधगत होता त्या वर्षांत मी चंदीगडच्या एका सरकारी कार्यालयात कारकून होते. आम्ही मूळचे साताऱ्याचे. नवरा हवाई दलात. शहराच्या कडेला असलेल्या मनीमाजऱ्याहून ऑफिसची बस आम्हाला न्यायची-आणायची. हिवाळ्यात परतताना अंधार पडलेला असे. युनियनचे सेक्रेटरी, एक वयस्क सरदारजी, बस तासभर आधी सोडा म्हणून साहेबांकडे गेले. सोबत मीही होते.

साहेब म्हणाले, "नवे सेवानियम आलेत. कामाची वेळ हा आता वाटाघाटीचा विषय नाही. विनंती अर्ज द्या, बघू."

"अर्ज नको जी, बोलणी हवीत," सरदारजी म्हणाले. "जीव आमचे जाणार आहेत."

दहा-बारा दिवसांनी, परतताना, स्कूटरवरच्या दोघांनी बसवर गोळ्या झाडल्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवरच कोसळला. माझ्या शेजारच्या टायपिस्ट बाईच्या गळ्यातून रक्त उसळलं. मी शाल दाबून धरली. शाल भिजून जड झाली आणि तिचा हात माझ्या हातात सैल पडला.

दुसऱ्या दिवशी कोणी कामाला हात लावला नाही. आम्ही फाटकाशी उभे राहिलो. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. सरदारजींची पगडी सुटली. सावरायला त्यांनी हात वर केला, त्याच हातावर लाठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्याही पाठीत दोन बसल्या.

मग प्रत्येकाला नोटीस आली: त्या दिवशी काम का बंद ठेवलं?

नवरा म्हणाला, "मी वर्दीत आहे. जपून लिही."

मी लिहिलं, प्रकृती बरी नव्हती. बहुतेकांनी असंच काहीबाही लिहिलं. सरदारजींनी डाव्या हाताने लिहिलं, 'संप केला.' ते निलंबित झाले.

त्याच आठवड्यात बस लवकर सुटू लागली. मी त्यांच्या घरी माफी मागायला गेले.

"आदेशात युनियनचं नाव आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. साहेबांच्या अधिकारात, एवढंच."

"म्हणजे तेच उद्या परत बदलतील, बेटा."

पुढच्या हिवाळ्यात साहेबांनी बसची वेळ पुन्हा उशिराची केली. सरदारजी अजून घरीच होते. यावेळी संपाच्या नोटिशीवर पहिली सही मी केली. नवऱ्याला नंतर सांगितलं.