मोऱ्याचं नाक

मोऱ्याच्या नाकात पाणी कोणी ओतलं, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाण्याची मोटार मीच चालू केली होती. तरी सव्वा महिना मी तोंड शिवून बसली. ज्या रुखमाबाईच्या जिभेले अख्खं गाव घाबरते ती चूप बसली, म्हणजे गोष्ट किती जड असन ते तुम्हीच समजा.

मोऱ्या म्हणजे आमची गाडी. चार जाडे चाकं, दोन सीटा बाजूबाजूले, वरतं लोखंडी पिंजरा, मागं पोते टाकाले हौदा. कागदावर तिचं नाव साइड-बाय-साइड का काय आहे, गाव तिले बग्गी म्हणते. हिंगण्याकडं एक रिसॉर्ट होतं, तिथं शहरातले पोट्टे ती चिखलात फिरवाचे. रिसॉर्ट बंद पडलं आन् बग्गी आमच्या दारात आली. आमच्या मालकांनी, म्हणजे चंपतरावांनी (घेतलं नाव, काय होते), तिले आपल्या शेवटच्या बैलाचं नाव देलं.

हौस म्हणून नाही आणली. तीन वर्षांमागं शुगरनं यांचा डावा पाय बिघडला आन् डॉक्टरनं अर्धं पाऊल काढलं. आंगणात काठीनं चालता येते. पण आमचं वावर काळ्या मातीचं. ओल असली की एका पावलाले शेरभर माती चिपकते, धडधाकट माणूस थकून जाते. मोटारसायकल यांच्यानं तोलत नाही. ट्रॅक्टरले क्लच असते आन् क्लच डाव्या पायानं दाबाचा असते. बग्गीले क्लचच नाही. रेस आन् ब्रेक, दोन्ही उजव्या पायाचं काम. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी हे आठ महिन्यांनी वावरात गेले आन् कडेच्या धुऱ्यावर बसून रडले. मी पाहिलं. पाहिलं म्हणून कधी सांगतलं नाही.

आता पोळ्याचं ऐका. बैल विकल्यापासून पोळा आला की यांचं तोंड उतरून जाये. यंदा म्हणाले, आपण मोऱ्यालेच पोळ्यात नेऊ. आदल्या सांजेले समोरच्या दोन चाकांवरच्या पत्र्याले तूप-हळद चोळली, बैलाचे खांदे चोळतात तशी, आन् हात जोडून उद्याच्या जेवणाचं आवतन देलं. मी हसली. मग सकाळी तिची आंघोळ, पुन्हा हळदकुंकू. हळदीचे हात तसेच. सीटच्या मागं एक काळा डबा आहे, त्यातून इंजिन हवा घेते. यांनी त्याचं झाकण उघडलं, आतला स्पंजचा बोळा काढून धुतला आन् म्हणाले, बैलाचं नाक साफ नसलं तर त्याले दम लागते. आत चिखल दिसला तर नळी आत घातली आन् मले मोटार चालू कराले सांगतलं. मी केली. मले काय समजते इंजिनातलं.

मग झेंडूचा हार, बेगड, जुन्या मोऱ्याची झूल. दारापुढून गावाचे बैल तोरणाकडं चालले होते, लोक थांबून आमची गंमत पाहून राहिले होते. यांनी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. तिसऱ्यांदा इंजिन अर्धं पेटलं आन् आतून उखळात गोटा आपटल्यासारखा आवाज आला. मग सारं थंड. बैल पुढं निघून गेले.

गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा ताराचंद आहे, तो आला. त्यानं विचारलं, नाल्यात बुडवली होती काय. यांनी आपल्या अर्ध्या पायाकडं पाहिलं आन् नाही म्हटलं. ते खरंच होतं. बाकीचं यांनी सांगतलं नाही, आन् मीही नाही. साऱ्या गावासमोर फजिती झालेल्या नवऱ्याले अजून काय खाली पाडाचं. ताराचंदनं मान हालवली, आतून मोडलं म्हणाला, याचे पार्ट इथं भेटत नाही.

माझा लेक साहिल नागपुरात सीताबर्डीले मोबाइलच्या दुकानात आहे. पोरगं वाईट नाही, पण त्याले घाई लई. दोन दिवसांत त्यानं गिऱ्हाईक पाहून ठेवलं, जशी आहे तशी गाडी दसऱ्याले उचलून नेणारं. म्हणे बाबांनी लई केलं, आता घरी आराम करावा. हे बाजेवर भिंतीकडं तोंड करून झोपले ते जेवालेही उठवावं लागे. गाडी गेली तर हा माणूस पुन्हा कधी वावर पाहणार नव्हता. मले रडू येये, आन् रडू आलं की मले राग येते, म्हणून मी घरात साऱ्यांवर खेकसत राहिली.

तेव्हा माझी सून वैभवी बोलली. "दसऱ्यापर्यंत गाडी कोणाले द्याची नाही. मी खोलते."

ही बाई भिवापूरची. हिचे वडील नत्थूजी मिरची कांडायच्या मशिनीचे इंजिन दुरुस्त करत, ही त्यांच्याजवळ शिकली, मग आयटीआय केलं. आता नागपूरच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त करतात तिथं अवजारांच्या खोलीत आहे. विमानाले हात लावत नाही. अवजारं मोजून देते, मोजून परत घेते. एक पाना कमी भरला तर म्हणे विमान जागचं हालत नाही, सारे जण शोधत बसतात. मी तिले चिडवाले 'पानेमोजणी' म्हणत होती. साहिल तर हसलाच. दुसऱ्या दिवशी पाहते तर माझ्या कणकेच्या परातीत इंजिनाचं तेल काढून ठेवलेलं. मी जे तोंड सोडलं, ते तीन घरं ऐकू गेलं. ती म्हणाली, आई, ओरडा, पण आधी तेल पाहा. पाहिलं तर दुधाच्या चहासारखं पांढुरकं. आत पाणी गेलं होतं.

ड्युटी सुटली की चार वाजता ती पँट चढवून गाडीच्या शेडात बसे, दिवे लागले की उठे. शेडाच्या अँगलले साखळी टांगून तिनं ताराचंदच्या मदतीनं इंजिन वर उचललं. माझ्या साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिनं इंजिनाचं चित्र काढलं आन् जो बोल्ट जिथून निघाला तो तिथंच पुठ्ठ्यात खोचला. आत दोन पिस्टन. ते सारखे वर याले पाहिजे, तर एक तीन मिलिमीटर खाली राहून राहिला होता. त्याच्या खालचा दांडा, कनेक्टिंग रॉड म्हणतात त्याले, डोळ्याले सरळ दिसे. तिनं शोकेसची काच काढून त्यावर ठेवला, तर डुगडुगला. एका बाजूले पाणी, दुसरी बाजू पेटली, पाणी काही दबत नाही, म्हणून रॉड वाकला. हे तिनं मले भाजी चिरता चिरता समजावलं.

पार्ट बाहेरून मागवले. पहिल्या वेळी गॅस्केट, इंजिनाच्या सांध्यात बसते ते पातळ पत्र्याचं, दुसऱ्याच मॉडेलचं आलं, त्यात दोन हफ्ते गेले. मग एक बोल्ट आतच तुटला. ताराचंद म्हणाला, आता सोड पोरी. तिनं तीन दिवस केसाएवढं केसाएवढं ड्रिल करून तो काढला. बोटाले दोन टाके पडले, त्यावर पट्टी बांधून पुन्हा बसली. मी तिच्यापुढं गरम भाकर आन् झुणका ठेवला आन् म्हटलं, मर अशीच उपाशी. ती हसली आन् काळ्या हातानंच जेवाले लागली. मी हात धुवाले लावले. पण खरं सांगते, त्या दिवसापासून मी तिले पानेमोजणी म्हटलं नाही.

यांनी आधी कूस बदलली. मग बाज शेडाकडं सरकवाले लावली. एक दिवस पाहते तर स्टुलावर बसून हे तिले पाने देऊन राहिले होते. सांजेले ती अवजारं मोजे, तर हेही सोबत मोजत. सत्तावीस भरले की दोघं उठत. आन् रोज उठता उठता ती एकच गोष्ट विचारे, बाबा, पाणी कुठून गेलं असन. हे म्हणत, काय माहीत. आन् मी घाईघाईनं चुलीकडं जाये.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंजिन जागेवर बसलं, तेल भरलं, सत्तावीस अवजारं भरली. साहिल म्हणाला, लाव चावी. तिनं चावी पँटीच्या खिशात घातली. म्हणाली, पाणी कुठून गेलं ते समजलं नाही, तर ते पुन्हा आत जाईन. पार्ट बदलला म्हणजे दुरुस्ती झाली असं आमच्या कामावर कोणी मानत नाही. कारण सापडलं नाही तर मी समजीन की सीलमधून, जोडावरच्या रबरातून, नाल्याचं पाणी शिरते, आन् मग बाबांले नाल्यापलीकडं नेता येणार नाही.

आमचं वावर नाल्यापलीकडं आहे. साहिल भडकला, मग एवढा महिना कायले घातला, उद्या गिऱ्हाईक येऊन राहिलं, देऊन टाकू. त्या रात्री हे जेवले नाही. मीही नाही.

दसऱ्याच्या सकाळी तिनं सारी अवजारं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, एकेका पान्यावर झेंडूचं फूल ठेवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात. साहिलनं फाटक उघडलं. आता मीच सांगते म्हणून मी पुढं झाली, तर यांनी काठी आडवी धरली. काठीवर जोर देऊन उभे राहिले. साऱ्यांसमोर, त्या परक्या माणसासमोर.

"नाक मी धुतलं तिचं. पोळ्याच्या दिवशी, बैलाचं धुतात तसं, नळी आत घालून. सव्वा महिना लपवलं. गाडीत काही दोष नाही, दोष माझा आहे."

म्हटलं, आन् मोटार मी चालू केली होती. माझं कोणी ऐकलं नाही.

साहिल बापाकडं वळला. मले वाटलं आता हा बापाले बोलते काहीतरी. पण वैभवी शेडात गेली आन् त्या काळ्या डब्याचं झाकण घेऊन आली. एवढं एकच तिनं लावाचं ठेवलं होतं. म्हणाली, बाबा, हे तुम्ही लावा. स्पंज बसवला, झाकण ठेवलं, चार क्लिपा दाबल्या. तिनं एकेक बोटानं दाबून पाहिली. मग खिशातली चावी काढून यांच्या हातावर ठेवली.

हे सीटवर बसले, पण चावी फिरवत नव्हते. ती टक यांच्या कानात बसली होती, माझ्याही बसली होती. वैभवी बाजूच्या सीटवर जाऊन बसली आन् समोर पाहत राहिली, जशी काही वावरात जायलेच निघाली. मग यांनी फिरवली. मोऱ्या एका दमात पेटला. आवाज सरळ, एकसारखा, आत काही आपटत नव्हतं. हे रडून राहिले होते आन् रेस देऊन राहिले होते. ती खाली उतरली, फाटकाकडं हात केला आन् हे एकटे निघाले. गिऱ्हाईकाले मी चहा पाजला, त्याचा टेम्पो रिकामाच गेला. साहिल त्याले सोडाले म्हणून गेला, तो लवकर आलाच नाही. त्याले बापाची लाज नाही, आपलीच वाटून राहिली होती.

भांडे घासता घासता मी सुनेले विचारलं, तुले आधी काहीच समजलं नव्हतं काय. ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी फिल्टर काढला आई, नाकातला तो स्पंज, त्याले हळद लागून होती."

"मंग बोलली काहून नाही वं?"

तिनं ताट विसळलं, पालथं घातलं. "मी पकडलं असतं तर तुमच्या लेकानं बाबांच्या हाती पुन्हा चावी देली नसती. ते स्वतः बोलले, म्हणून मले देता आली. आमच्या कामावर जो आपली चूक आपण सांगते, त्यालेच पुन्हा अवजार भेटते."

म्हणजे माझं चूप बसणंही तिनं पाहिलंच असन. मी विचारलं नाही.

उन्हं उतरता उतरता मोऱ्या चाकाले काळी माती लावून परत आला. मागच्या हौद्यात आपट्याच्या फांद्या, आमच्या धुऱ्यावरच्या झाडाच्या. आमच्याकडं लहानांनी मोठ्यांले सोनं द्याचं असते. तरी मी पदर नीट करून पुढं उभी राहिली, म्हटलं आज आनंदात हे बायकोले देतीन. हे मले ओलांडून गेले, साहिललेही. काठी टेकत शेडापर्यंत गेले आन् पहिलं सोनं सुनेच्या काळ्या, पट्टी बांधलेल्या हातावर ठेवलं.

ती गडबडली. मग वाकली आन् पाया पडली, आन् डाव्या, अर्ध्या पायाले तिनं आधी हात लावला.

मी आपली पाण्याची मोटार बंद आहे का नाही ते पाहाले मागच्या आंगणात गेली. बंदच होती.