रुमालाबाहेरचा भाव

सरांना त्यांच्याच पक्षाच्या शहराध्यक्षानं फसवलं. हे आधी सांगून मोकळा होतो, म्हणजे मी आडून बोललो असं पुढं कुणी म्हणायला नको.

सर म्हणजे पुंडलिकनगरचे नगरसेवक. आधी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. कोथिंबिरीच्या गाड्यापाशी थांबायचे, भाव विचारायचे आणि घासाघीस न करता म्हणायचे, "हा भाव कोण ठरवतं?" गाडेवाले वैतागायचे. एकजण म्हणाला होता, "सर, घ्यायची तर घ्या, परीक्षा नका घेऊ."

मी छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैलांचा दलाल. अजिंठ्याकडून खांद्यावर एक दोर टाकून आलो आणि स्वतःच्या जिभेवर उभा राहिलो. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबायची. एक बोट म्हणजे दहा हजार. विकणाराही बाजूलाच उभा असतो, त्याला दलाल सांगेल तेवढंच कळतं.

एका गुरुवारी सर आले, हे कसं चालतं ते दाखवा म्हणाले. मी फुलंब्रीकडच्या एका शेतकऱ्याच्या बैलासाठी रुमाल धरला होता, तोच पुढं केला. त्यांनी हात घातला आणि मतदारांशी मिळवतात तसा मिळवला. माझी पाचही बोटं घट्ट दाबली.

"सर, बैल तुमचा झाला."

"अहो मामा, मी फक्त हात मिळवला."

"इथं हात मिळवला म्हंजी सौदा. नाय म्हणायचं तर लोकांसमोर म्हणा."

मला वाटलं, पळतील. पळाले नाहीत. बँकेतून पैसे आणले आणि बैल सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरशेजारी बांधला. आठवडाभर वहिनी बैलाला भाकरी घालत होत्या आणि सरांशी बोलत नव्हत्या.

पुढच्या गुरुवारी ते बैल घेऊन परत आले. तो फुलंब्रीकडचा शेतकरी बाजारात होताच. सरांनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, किती मिळाले? तो म्हणाला, चाळीस. सर माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही.

"मामा, मी पाच बोटं दाबली होती."

बैल त्यांनी त्याला चाळिसातच परत दिला. वरचे दहा माझ्या खिशात होते, ते मागितले नाहीत. याचाच मला लई राग आला. महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. मग एका गुरुवारी आधी त्यांचे दहा हजार त्यांच्या हातात ठेवले आणि रुमाल न घेता बाजारात गेलो. भाव ओरडून सांगितला. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. बाकीचे दलाल मला सरांचा विद्यार्थी म्हणून चिडवायला लागले. व्हय म्हटलं, हाय.

सरांनी दोन वर्षं खपून योजना लिहिली. भाव विकणाऱ्यासमोर मोठ्यानं पुकारायचा आणि फळ्यावर लिहायचा. मी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांच्या सह्या आणल्या. शहराध्यक्ष म्हणाले, फाइल पक्षाकडं द्या, जाहीरनाम्यात घेऊ, आमदारकीचं तिकीट तुम्हालाच. मी सरांना बजावलं, आधी लिहून घ्या. सर हसले.

"मामा, हा बाजार नाही, पक्ष आहे."

जाहीरनाम्यात योजना आली आणि तिकीट अध्यक्षांच्या मेहुण्याला गेलं. तो निवडून आला. बाजारात फळा एक दिवस लागला, फोटो निघाले, संध्याकाळी फळा टेम्पोत गेला. बडे दलाल अध्यक्षांच्याच मांडवात बसलेले, दुसरं काय होणार होतं. सर तीनदा पक्षाच्या कार्यालयात फाइल मागायला गेले. तिन्ही वेळा उत्तर एकच, सापडत नाही. चौथ्यांदा जायच्या आधी दवाखान्यात दाखल झाले आणि तिथून घरी आलेच नाहीत.

शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, सरांचं स्वप्न आम्ही पूर्ण केलं. मी उठलो. दोघांनी मला खांदे धरून खाली बसवलं. पहिल्या रांगेतून वहिनी मागं वळल्या.

"त्यांना बोलू द्या," एवढंच म्हणाल्या. माइक बंद झाला.

म्हणून इथं बोलतो. अध्यक्षसाहेब, त्या फायलीतल्या सह्या माणसांनी माझ्या शब्दावर केल्या होत्या. ती माणसं आता मला जाब विचारतात. त्यांनी तुम्हाला विचारायला हवा. येत्या गुरुवारी छावणीत या, त्यांच्यासमोर उभे राहा आणि फाइल कुठं आहे ते सांगा.