देवणीजवळचा बिनछताचा महाल

इटलीचा व्हिसा मिळाला नाही, म्हणून आम्ही देवणीला गेलो. हसू नका. लातूरच्या एका डाळमिलवाल्या नानांनी इटलीची सहल करून आल्यावर आपल्या शेतात थेट रेनेसाँस महाल बांधायला घेतलाय, असं सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कानावर आलं होतं.

सकाळीच विष्णुपुरीहून गाडी काढली. कंधार, जळकोट करत उदगीर. तिथे मुरमुऱ्यांची सुशीला पोटभर खाऊन घ्या, पुढे आम्हाला चहाशिवाय काही मिळालं नाही.

तुरीच्या शेतात महाल उभा! गोल कमानी, दगडी खांब, आणि सज्ज्यावर इटालियन बायकांचे पुतळे, ज्यांना गावच्या कारागिराने लाजून नऊवारी नेसवलीय. डावी बाजू अजून जोत्यावरच आहे. उजवीकडचा घुमट मागच्या वळवाच्या वादळात कोसळला. त्याखालच्या दिवाणखान्यात देवणी गाय रवंथ करत बसली होती.

धोतर आणि बूट घातलेले नाना स्वतःच सगळं दाखवत होते. महाल त्यांच्या बायकोसाठी, म्हणजे काकूंसाठी होता, पण वास्तुशांत अडली होती. पूजेला जोडीने बसावं लागतं, आणि काकू त्र्याण्णवच्या भूकंपापासून जड छताखाली पाऊल टाकत नव्हत्या. मागे पत्र्याच्या खोलीत राहायच्या. आता नाना घुमटाऐवजी स्लॅब टाकणार होते. सळया उतरल्या होत्या, ठेकेदार टेप घेऊन उभा होता.

तेवढ्यात काकू चहा घेऊन दिवाणखान्यात आल्या. मी शहाणपणा करून त्यांना सांगितलं, स्लॅब एकदम मजबूत असतो, काही होत नाही.

"माझ्या माहेरच्या मातीच्या जड माळवदाला बी लोक मजबूतच म्हनायचे," काकू म्हणाल्या.

नाना त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तू आत आलीस की," ते म्हणाले.

"वर आभाळ हाय म्हनून आले."

नानांनी ठेकेदाराला सळया परत न्यायला सांगितल्या. पावसाचं काय, असं त्याने विचारलं.

"पावसात पत्र्यात ऱ्हाऊ. पूजा उन्हाळ्यात करू."

परतताना सुनंदाने लोह्यापर्यंत इटलीचं नाव काढलं नाही. व्हिसा हुकल्यापासून असं प्रथमच घडलं. बायकोसाठी महाल बांधणारे ऐकून होतो, तिच्यासाठी तो अर्धा सोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला त्याचा हेवा वाटला.

गेल्या आठवड्यात नानांचा फोन आला. वास्तुशांत झाली होती. काकू दिवाणखान्यात बाज टाकून रात्रभर गाढ झोपल्या.

"आणि तुम्ही, नाना?"

"मी कुठला झोपतोय. ढगं बघत बसलो."