लेखकाच्या नावाचं पेन

नातवाने मखमली डबीतलं पेन माझ्या हातात दिलं. हाताने घडवलेलं, टोपणावर एका थोर लेखकाचं नाव. टोपण काढताच शाईचा वास आला आणि मी आमच्या महाडच्या ओटीवर पोचले, नऊ वर्षांची.

माझे वडील, अण्णा, महाडजवळच्या कापडे गावचे खोत. गोरगरिबांची दुःखं लिहिणाऱ्या एका लेखकाचे भक्त. त्याचं नाव कोरून त्यांनी असंच पेन मुंबईला मुद्दाम करवून घेतलं होतं. त्या सकाळी आमचं कूळ गणू जमिनीच्या कबुलायतीवर अंगठा द्यायला आला होता. शाईची गादी बाजूला सारून त्याने ते पेनच उचललं.

"अंगठा नाय देत, अण्णा. मला सही येते आता."

पहिलं अक्षर उमटलं मात्र, अण्णांनी पेन हिसकावून त्याच्या तळहातात खुपसलं. गणू किंचाळला. निब वाकेपर्यंत अण्णा खुपसत राहिले. मग त्याच हाताचा रक्ताने-शाईने भिजलेला अंगठा त्यांनी कागदावर दाबला.

मी हंबरडा फोडला. आई म्हणाली, "पोरीचं काळीज फार मऊ आहे." घरात जन्मभर हेच सांगितलं गेलं. मीही सांगू दिलं.

मी रडत होते ती सोन्याची निब वाकली म्हणून.