पाव पेढा

आख्ख्या रायपुरात पेढा खाण्याआधी परीक्षा घेणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका आमच्या दारासमोर राहतो. हे आमचे समोरचे काका सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात, लॅबमध्ये होते. खनिजाचा ट्रक आला की सोबतच्या कागदावर मालाची प्रत लिहिलेली असायची. काका तो कागद न वाचताच खिशात घालायचे आणि आधी सॅम्पल काढायचे. निवृत्त झाले, ट्रक संपले, सवय राहिली. लग्नाच्या पंगतीत कढीचा थेंब तळहातावर घेऊन उजेडात धरतात. काकूंनी स्वयंपाक झाला म्हटलं तरी आधी भाताची दोन शितं मागतात. "पस्तीस वर्षं झाली, माहा माल अजून पास नाही झाला," काकू म्हणतात.

पण काकांचा खरा हंगाम म्हणजे निकालाचे दिवस. हल्ली आमच्या गल्लीत नव्वदच्या खालचं मूल औषधालाही सापडत नाही. वहीला कव्हर घातलं की पाच मार्क, बापाने प्रोजेक्ट केला की दहा. मी स्वतः थर्माकोलचे दोन ज्वालामुखी केले आहेत, दोन्ही पैकीच्या पैकी. त्यामुळे दारोदार पेढे येतात. काका पेढा हातात धरतात आणि मुलाला एक प्रश्न विचारतात. उत्तर जितकं बरोबर तितका पेढा मोडून खातात, उरलेला कागदात बांधून परत देतात. त्यांच्याकडे पेढे न्यायचे की नाही यावरून गल्लीत नवरा-बायकोंची भांडणं झाली आहेत.

माझ्या मुलीला आठवीत गणितात सत्त्याण्णव मिळाले. वर्षभर तिने पुस्तक उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. रागावलो की म्हणायची, "पापा, पढ़ के क्या करना, नंबर तो मिल ही जाते हैं." आणि मिळतही होते, म्हणून मीही गप्प. पेढे घेऊन गेलो तर काकांनी तिला विचारलं, "दुकानदारानं शंभराच्या वस्तूचा भाव वीस टक्क्यानं वाढवला, मंग वाढलेला भाव वीस टक्क्यानं उतरवला. आता किती?"

"सौ," ती ताबडतोब म्हणाली.

"शहाण्णव," म्हणत काकांनी पाव पेढा मोडला. "हा हिमतीनं बोलल्याचा." बाकीचा पाऊण बांधून तिच्या हातात दिला.

पोरगी घरी येऊन रडली. मी तणतणत परत गेलो. "काका, पोट्टीले काहून रडवता?"

काकांनी मला खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "माह्या पोट्ट्याले बारावीत अठ्ठ्याण्णव होते. आख्ख्या पाऱ्यात, घरोघरी पेढे वाटले मी. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी सगळ्या विषयांत नापास होऊन वापस आला. आता भनपुरीत ट्रकसोबतचे कागद, बिल्ट्या लिहिते. जिंदगीभर ट्रक तपासले भाऊ, घरचं सॅम्पल काढलं नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगी वही घेऊन त्यांच्याकडे गेली, तीही रागानेच. पण मग वर्षभर जात राहिली. नववीत शाळेला गणिताच्या नव्या बाई आल्या, त्या कव्हरला मार्क देत नव्हत्या. मुलीला एकाहत्तर मिळाले. एकाहत्तरचे पेढे कोण वाटतं? आम्ही दार लोटून बसलो.

संध्याकाळी काका स्वतःच आले. "पेढा कुठाय?"

मी शंकर नगरच्या दुकानातून धावतपळत पावशेर पेढे आणले. काकांनी चांगला लांबलचक प्रश्न घातला. मुलीने कागद घेतला, पायऱ्या लिहीत गेली आणि शेवटाजवळ थांबली. "यहाँ से नहीं आता, दादाजी."

काकांनी कागद वरून खालपर्यंत तपासला आणि पाऊण पेढा खाल्ला. "मार्कांचा कागद अन् माल जुळला," ते म्हणाले. पोरगी सत्त्याण्णवला हसली नव्हती एवढी हसली.

उरलेला तुकडा मात्र त्यांनी परत दिला नाही. कागदात बांधून खिशात ठेवला. "राहू दे माह्याजवळ. तो येते आता भनपुरीहून." मी आख्खा डबाच पुढे केला.

"नाही भाऊ," काका म्हणाले, "त्याले एवढ्यापासूनच सुरू करू दे." आणि तुकड्याचा चुरा होऊ नये म्हणून खिशावर हात धरून, हळूहळू रस्ता ओलांडून घरी गेले.